रस्त्याखालचं झाकण

पूर्णा गावाच्या नाक्यावर ते पिवळं मशीन दिसल्यापासून काशीबाई सारखी दाराशी येऊन बघत होती. कशेळीच्या बाजूनं ते रस्ता खरवडत येत होतं. जुनं डांबर, खडी, सगळं उचलायचं आणि पट्ट्यावरून पुढच्या डंपरमध्ये ओतायचं. हाच चुरा प्लांटवर तापवून, त्यात थोडं नवं डांबर मिसळून परत इथंच अंथरणार आहेत, असं दौलतनं, तिच्या मुलानं, तिला सांगितलं होतं.

"खोल किती जातं रं ते?" तिनं विचारलं.

"वीतभर जात असंल. तुला काय करायचंय?"

तिच्या हातातलं सूप थांबलं. वीतभर म्हणजे झाकणापर्यंत.

पस्तीस वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, काशीबाईनं याच रस्त्यावर खडीच्या पाट्या वाहिल्या होत्या. रस्त्याच्या मधोमध गावाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह होता, त्यावर लोखंडी झाकण. नवा थर घालण्याआधी ते वर उचलून बसवायचं होतं. पण गवंडी आलाच नाही आणि रोलर खोळंबला. राघो मुकादम म्हणाला, "वत गो वरनं. मंग काढू." तिनं डांबर ओतलं. नंतर कुणी काढलं नाही. दर दोन-चार वर्षांनी वर नवा थर पडत गेला आणि झाकण खाली खाली गेलं. ती त्यावरून येता-जाता पाय जरा बाजूला टाकायची, एवढंच. बोलली कुणाशीच नाही. आधी मुकादमाच्या भीतीनं, आणि पुढं दौलतची दोन गोदामं उभी राहिल्यावर त्याच्यासाठी. आपल्या आईनं पाट्या वाहिल्या हे सोयऱ्याधायऱ्यांत निघू नये, असं त्याला वाटायचं, हे तिला ठाऊक होतं.

तिनं सूप ठेवलं, पदर खोचला आणि ती निघाली.

मशीन गावदेवीच्या देवळापाशी पोचत आलं होतं. काशीबाई सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. वरून सिराजनं, मशीन चालवणाऱ्यानं, घाईघाईनं ते थांबवलं. हेल्मेट घातलेली एक मुलगी धावत आली. ती साइटवरची इंजिनीअर, मृणाली.

"मावशी, बाजूला व्हा. लागेल तुम्हाला."

"पोरी, फुडं नको नेऊस. खाली झाकण हाय. पान्याचं."

मृणालीनं हातातला कागद उलगडला. "नकाशात इथे काहीच नाही."

"नकाशा काढला तवा ते गाडलेलंच व्हतं."

सिराज वाकून ऐकत होता. "मॅडम, एकदा देख लेते हैं," तो म्हणाला. "लोखंड लागलं तर खरवडणाऱ्या ड्रमचे दात उडतील. आणि खाली लाइन चालू असेल, तर सगळ्या गावाचं पाणी रस्त्यावर."

मृणालीनं मागं पाहिलं. कंटेनरची रांग पार वळणापर्यंत गेली होती. "दाखवा कुठे आहे," ती म्हणाली.

आणि तिथंच काशीबाईचा धीर सुटला. पूर्वीची विहीर बुजली होती, भातखाचरांच्या जागी पत्र्याची गोदामं होती. ओळखीचं म्हणून देऊळ तेवढं उरलेलं. तिनं देवळाच्या दाराची रेघ धरली, रस्त्याच्या मधोमध येऊन पाय रोवला. "इथं."

डांबर फोडायचा ब्रेकर सुरू झाला. हातभर खड्डा झाला. खाली निघाले दगड आणि लाल मुरूम.

मागं हॉर्न वाजायला लागले. मृणालीचा फोन वाजला. "दहा मिनिटं, सर," ती म्हणाली, मग थोड्या वेळानं पुन्हा, "दहाच मिनिटं." काशीबाई खड्ड्यात वाकून बघत राहिली. आपल्याला भास तर होत नाही? कुणी नंतर काढलंही असेल.

तेवढ्यात दौलत आला. "आई, घरी चल. लोक बघतायत. तुला काय ठावं रस्त्याखाली काय हाय ते?"

"मीच वतलं डांबर त्यावर," ती म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "या हातांनी. पाट्या व्हायचे मी हितं."

दौलतनं आजूबाजूच्या लोकांकडं पाहिलं. तिला वाटलं आता तो निघून जाईल. तो गेला नाही.

तिनं नजर वळवली ती गोदामांच्या रांगेकडं, आणि तिच्या ध्यानात आलं. रस्ता नंतर रुंद केला होता तो त्याच एका अंगानं. ती आजचा मध्य धरून उभी होती. तेव्हाचा मध्य देवळाकडं सरकलेला असणार. ती सहा पावलं बाजूला गेली. "हितं बघा," ती म्हणाली, आणि या खेपेला तिनं डोळे मिटून घेतले.

सिराज खाली उतरला आणि ब्रेकर त्यानं स्वतः धरला. बराच वेळ नुसती खडी उडत होती. मग आवाज बदलला. त्यानं ब्रेकर बाजूला ठेवून हातानं चुरा सारला. गंजलेलं, गोल, लोखंडाचं झाकण. पहारीनं ते उचललं तर खालून पाण्याचा घुमल्यासारखा आवाज आला. मशीनचा ड्रम तिथून दहा हातांवर होता.

मृणाली तिथंच उकिडवी बसली. झाकणावरून तिनं हात फिरवला. मग म्हणाली, "मावशी, पुढे अजून कुठे असं आहे?"

काशीबाईनं आधी बोटांवर मोजलं. "दोन हायत. एक शाळेम्होरं. दुसरं... नीट आठवत न्हाय."

मृणालीनं मशीन बंद करायला सांगितलं. काशीबाई पुढं चालायला लागली, तेव्हा दौलत रस्त्यात उतरला आणि हात आडवा करून ट्रक थोपवत तिच्या बाजूनं चालू लागला.

शाळेसमोरचं दुपारपर्यंत सापडलं. तिसरं सापडेना. मृणालीनं तेवढा पट्टा मशीनला न देता हातानं खणायला लावला. ते दोन दिवस तासातासाला उठून काशीबाई नळाला पाणी येतंय का ते बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण मिळालं, तिनं दाखवलेल्या जागेपासून चार हात पलीकडं. सांगायला दौलतच आला. तिच्याशेजारी ओट्यावर टेकला.

"आई, तू पाट्या व्हायचीस तवा मी कुठं असायचो?"

"उंबराखाली," ती म्हणाली. "रिकाम्या पाटीत, निजलेला."