शिळे आभार चालत नाहीत

मी काठवट बोलतेय. घराघरांत कणीक भिजवायला असते ती ताटाएवढी नव्हे हं, बेकरीतली काठवट. लांबीला पुरुषभर, खोलीला कोपरभर, वर भरभक्कम लाकडी झाकण. माझ्यात एका खेपेला दोनशे पावांचं पीठ बसतं. तुम्ही म्हणाल, आली मोठी बढाई मारणारी. मारतेच आहे. चाळीस वर्षं एका अख्ख्या वस्तीची न्याहारी जिच्या पोटात फुगली, तिने नाही मिरवायचं तर कुणी?

माझा जन्म सुताराच्या अंगणात झाला. एकच सलग ओंडका, तो आतून कोरून कोरून मला बाहेर काढलं. अंगात ना खिळा, ना सरस. सुताराने तीन आठवडे घेतले आणि मला न्यायला आलेल्या तरुण बेकरीवाल्याला दम भरला, "हिला साबण लावलात तर गाठ माझ्याशी आहे. खरवडायची, कोरड्या फडक्याने पुसायची, बस्स." त्या तरुणाने माझ्यावर हात फिरवला नाही. वाकून आधी माझा वास घेतला. मी तेव्हाच ओळखलं, माणूस कामाचा आहे.

तेच आमचे दादा. त्यांनी सुताराचा शब्द पाळला. साबण कधी लागला नाही, त्यामुळे जुनं खमीर माझ्या लाकडात मुरत गेलं. आमच्या पावापुढे इतरांचा पाव फिका पडतो तो काही उगाच नाही.

दादा येशूला मानणारे, पण देवाचं नाव घेऊन चारचौघांत मिरवणाऱ्यांतले नव्हेत. रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसतात, अशी चर्चच्या पाळकसाहेबांची तक्रार असायची. त्यांची खरी प्रार्थना माझ्यापाशी व्हायची. पीठ मळून झालं की त्यावर उजवा तळवा ठेवायचे आणि मिळालेल्या एखाद्या गोष्टीबद्दल प्रभूचे आभार मानायचे. मोठ्याने, त्या गोष्टीचं नाव घेऊन. मग झाकण. झाकण लागलं की दीड तास त्याला कुणी हात लावायचा नाही. मागायचं असेल ते नंतर मागायचं, आधी मिळालेल्याची पोच द्यायची. आणि काल मानलेले आभार आज पुन्हा मानायचे नाहीत.

"आपण गिऱ्हाइकाला शिळा पाव देत नाही," दादा म्हणायचे, "मग देवाला शिळे आभार कसे द्यायचे?"

त्यामुळे रोज नवीन काहीतरी शोधावं लागायचं. मी काय काय ऐकलंय म्हणून सांगू! चपलेचा अंगठा शिवून मिळाला, त्याबद्दल आभार. सर्दी गेली आणि पावाचा वास परत आला, त्याबद्दल आभार. एक गिऱ्हाईक तावातावाने भांडून गेलं, पण जाताना त्याने दार हळू लावलं, त्याबद्दलसुद्धा आभार.

दादांना एकच लेक. आईला ती जन्मतःच अंतरली, दादांनीच वाढवली. ही पोरगी काळजी घेऊनच जन्माला आलेली. शाळेला निघाली की तीनदा परत येऊन कुलूप ओढून बघणार. आभाळ स्वच्छ असलं तरी छत्री घेणार, आणि ती हरवली तर म्हणून दप्तरात दुसरी ठेवणार. दादा तिला काळजीवाहू मंत्री म्हणायचे. त्याचं पुढे मंत्रीणबाई झालं आणि तेच चिकटलं. लग्न झालं, तिचा नवरा याच घरात राहायला आला, पण खातं काही बदललं नाही. जावई बस चालवतात, शांत माणूस. ही फोन करून विचारते, "पोचलात का?" आणि ते बिचारे सांगतात, "अगं, अजून बस सुरू केली नाही."

असं सगळं ठीक चाललेलं असताना एके दिवशी मैद्याचं पोतं उचलता उचलता दादा छाती धरून त्याच पोत्यावर बसले. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, पंधरा दिवसांनी. तोवर उचलणं, मळणं, सगळं बंद. आणि ऑपरेशन वयाच्या मानाने अवघड आहे, हेही त्यांनी लपवलं नाही.

मी मंत्रीणबाईंच्या हाती आले. मनगट अगदी बापाचं. पण माणूस पीठ मळताना खोटं बोलू शकत नाही. तोंडाने ती "प्रभू, तुझे आभार" असं घाईघाईने उरकायची, आणि बोटं मात्र पिठात थरथरत असायची. झाकण लावलं की दहा मिनिटांत ते उघडायची. बोट खुपसून बघायची, फुगलं का. पुन्हा लावायची, पुन्हा उघडायची. दर वेळी आत गार हवा शिरायची आणि वर येऊ बघणारं पीठ हिरमुसून खाली बसायचं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पोटातून बसका पाव, तोही या वयात.

दादांचीही तीच गत. ते आतल्या खोलीत पडलेले असायचे आणि ही दर थोड्या वेळाने जाऊन त्यांच्या नाकापाशी हात धरायची. एकदा आतून दादांचा आवाज आला, "अगं, मेलो तर सांगेन की."

गिऱ्हाइकांनी सांभाळून घेतलं. पोस्टमनकाका वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी पाव हातात घेऊन गल्ल्यावर ठोकून पाहिला आणि म्हणाले, "ताई, पाव विकताय की फरशी? घराचं काम काढलंच आहे, दोन डझन द्या." ती हसली. ते गेल्यावर पाव भाजायचे पत्रे रचतात त्या घोडीमागे जाऊन रडली.

पाचव्या दिवशी दादा भिंत धरत धरत भट्टीच्या खोलीत आले. माझ्याशेजारी स्टुलावर बसले. एक पाव मोडला, बोटाने दाबला.

"झाकण किती वेळा उघडलंस?"

"दोनदा."

"माझ्याकडे बघून सांग."

"अकरा वेळा," ती म्हणाली. मी मोजलं होतं, चौदा होते. पण मला कोण विचारतं?

"दादा, मला नाही जमत आभार मानायला. तुमचं ऑपरेशन तोंडावर आलंय आणि मी कशाबद्दल आभार मानू? तुमची श्रद्धा मोठी. तुम्हाला कधी भीतीच वाटली नाही."

दादा हसले नाहीत. बराच वेळ माझ्या काठावर अंगठा घासत बसले. मग त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती तोवर आम्हा दोघांनाच ठाऊक होती.

"तुझा जन्म झाला तेव्हा तुझी आई चार दिवस दवाखान्यात झुंजत होती. मी येऊन पीठ मळायचो आणि तुझ्यासारखंच झाकण उघडून उघडून बघायचो. पाव दगड. प्रभूकडे इतकं मागितलं की मागायला शब्द उरले नाहीत. चौथ्या दिवशी पिठावर हात ठेवून उभा राहिलो तर तोंडून एवढंच निघालं, प्रभू, अजून ती आहे, तुझे आभार. बोलल्यावर हात थरथरायचे थांबले. मी आनंदात होतो म्हणून हे सुरू झालं नाही, बाळा. मी भ्यालो होतो म्हणून सुरू झालं."

"पण आई तर गेली."

"गेली. त्याच दिवशी दुपारी. दुसऱ्या दिवशी मी इथे पुन्हा उभा राहिलो. सगळं घर शोधून आभार मानायला एकच गोष्ट सापडली. ती पाळण्यात रडत होती."

मंत्रीणबाई खाली बसली. तिने दादांच्या मांडीवर डोकं टेकलं. दादा तिच्या केसांतलं पीठ झटकत राहिले.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. दादांनी जाताना बजावलं होतं, "माझ्यापायी दुकान बंद ठेवलंस तर टाके तोडून परत येईन." म्हणून जावई दवाखान्यात थांबले आणि ही माझ्यापाशी. नऊ वाजता दादांना आत नेलं, असा फोन आला. तिने मळायला घेतलं. मळून झालं, तळवा ठेवला. बोटं थरथर कापत होती.

"प्रभू, दादांना वाचव. वाचव रे, प्रभू." मग ती थांबली. डोळे पुसले. "हे मागणं झालं. ते नंतर."

आणि ती शोधायला लागली. चाचपडत, अंधाऱ्या माळ्यावर काही शोधावं तसं. "काल दादांनी अर्धा पाव चवीने खाल्ला, त्याबद्दल आभार. नर्सबाईंनी न सांगता त्यांना दुसरी उशी दिली, त्याबद्दल आभार. पोस्टमनकाकांनी दहा दिवस माझा वाईट पाव नेला आणि एकदाही दुसरीकडे गेले नाहीत, त्याबद्दल आभार." तिसऱ्या आभाराला तिला हसू आलं. तिचा तळवा जड झाला, स्थिर झाला. मी लाकूड आहे, देवाची कामं मला कळत नाहीत. पण हात कळतात. त्या हातातली भीती उतरली ती मला कळली.

तिने झाकण लावलं. मग वाकून मागायचं तेही मागितलं, शांतपणे. नंतर ती पत्रे घासत बसली. माझ्याजवळून चारदा गेली, झाकणाला बोट लावलं नाही. मी पीठ असं काही वर काढलं की झाकण दोन बोटं उचललं गेलं. फुशारकी वाटेल, पण तसं पीठ मी आजवर पुन्हा फुगवलेलं नाही.

फोन त्यानंतर आला. "दादा बाहेर आलेत," जावई म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सध्या ठीक आहे. पुढचं सांगता येत नाही." एक गोष्ट मी लोकांना मुद्दाम सांगते. फोन नंतर आला. शांती आधी आली.

दादा घरी आले. मळायला मात्र त्यांना कायमची बंदी. जावयांनी पीठ मळायचं मशीन आणलं. ते माझ्याशेजारी उभं राहून दिवसभर गुरगुरतं. गुरगुरू दे. फुगायला पीठ शेवटी माझ्याकडेच येतं. माझ्या एका काठाला आता चीर गेली आहे, सुतार केव्हाच देवाघरी गेला. चिरेचं मला काही वाटत नाही. तुम्ही कधी आलात तर पाव गरम असताना खा, आणि खाण्याआधी आज काय मिळालं ते एक तरी आठवा. मोठं काही सापडलं नाही तर छोटं चालतं.

दादा आणखी चार वर्षं जगले. स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या खोड्या काढायचे, लेकीशी वाद घालायचे, तिच्या हातचा पाव खाऊन "जमतंय हळूहळू" म्हणायचे. गेल्या महिन्यात एका सकाळी चहा पिऊन टेकले ते उठले नाहीत. शुक्रवारी दफन झालं.

शनिवारी रविवारच्या प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी वाटून खायची, भाकर करायची असते. ती वर्षानुवर्षं आमच्याकडूनच जाते. पाळकसाहेब म्हणाले, "या खेपेला दुसरीकडून आणू, तू विश्रांती घे." मंत्रीणबाई म्हणाली, "नाही, इथूनच जाईल." तिने मशीनला हात लावला नाही. बाह्या सारून स्वतः मळलं. पिठात मीठ घातलेलंच होतं, वरून आणखी टपटपलं.

मग तिने तळवा ठेवला. जावई दारात उभे होते. तिने तळवा एकदा उचलला आणि पुन्हा ठेवला. मला वाटलं, आज नाही जमणार, आणि नाही जमलं तर त्यात तिची काही चूक नाही.

"प्रभू," ती म्हणाली, "तू चार वर्षं दिलीस. आणि ती मला भीत भीत नाही, दादांशी गप्पा मारत घालवू दिलीस. त्याबद्दल तुझे आभार."

तिने झाकण लावलं आणि माझ्याशेजारी बसून राहिली, दीड तास, हात मांडीवर ठेवून. रविवारी सगळ्या मंडळीने ती भाकर मोडून खाल्ली. काठवटीला काही कुणी चर्चमध्ये नेत नाही. पण माझ्याकडून जायचं ते तिथे गेलं होतं. मी भरून पावले.