अर्धी गोळी

आमच्या घरात आख्खी गोळी म्हणजे औषध आणि अर्धी गोळी म्हणजे काहीच नाही. सासूबाई रोज जेवण झाल्यावर झोपेची अर्धी गोळी घेतात आणि आल्यागेल्याला छातीठोकपणे सांगतात, "या वयात मला एक गोळी नाही!" उरलेली अर्धी कागदात गुंडाळून उद्यासाठी ठेवतात. कुणीही हसत नाही.

मी आख्खी घेते. माझी काळजीची आहे. डॉक्टरबाईंनी आजाराला रीतसर नाव दिलंय, पण घरात 'काळजी' म्हणतात. हा शब्दच लबाड आहे. "काळजी करू नकोस, काळजी घे," असं लोक एका दमात सांगून मोकळे होतात. आता करू नको म्हणताय तीच घ्यायची कुठून, हे कुणी सांगत नाही.

त्यातून माझी नोकरी लिफ्ट तपासायची. मशीनरूममध्ये चढायचं, लोखंडी दोरावरून चिंधी फिरवायची, एखादी तार तुटली असेल तर चिंधी अडकते. मग ब्रेक बघायचे, दारं बघायची आणि सही करायची. थोडक्यात, दिवसभर काळजी करण्याचा मला पगार मिळतो. तीच काळजी घरी आणली की आजार.

आणि आजार खरा होता. गोळी सुरू होण्याआधी एकदा मी एका इमारतीच्या जिन्यात बसले ती नवरा न्यायला आला तेव्हाच उठले. हात बधिर, छातीत धडधड, आणि डोक्यात एकच, की मी सही केलेली लिफ्ट आता पडणार. गोळीने जादू झाली नाही. विचार येतच राहिले, पण आले की जाऊ लागले, मुक्काम ठोकेनासे झाले. मला तेवढं पुष्कळ होतं.

मग आम्ही चान्स घ्यायचं ठरवलं. मूल हवं म्हणायला लाज वाटते म्हणून लोक चान्स म्हणतात. मला लाज नव्हती. मला मूल हवं होतं, अगदी मनापासून, आणि त्याला सांभाळताना मी जिन्यात बसलेली नको होते. एवढंच मागणं होतं.

पण ही बातमी नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर सांगितली, तिथे घोळ झाला. नेमकी नणंद आलेली होती. तिला मी मनातल्या मनात ज्ञानकोश म्हणते. तिने घास खाली ठेवला आणि फोन हातात घेतला.

"त्या गोळ्या आधी बंद कर. मी वाचलंय."

"काय वाचलंत, ताई?"

"बरंच काही," ज्ञानकोश म्हणाला.

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," सासूबाई म्हणाल्या.

नवरा समजूतदार आहे. निदान त्याची तशी समजूत आहे. तो म्हणाला, "पण आता तू बरी आहेस ना? मग गोळी कशाला?"

"गोळी घेते म्हणून बरी आहे."

"तेच तर म्हणतोय. बरी आहेस."

लिफ्ट पडत नाही म्हणून दोर काढून टाका, असं आजवर कुठल्याही सोसायटीच्या चेअरमनने मला सांगितलेलं नाही, आणि चेअरमन काहीही सांगू शकतात.

मी म्हटलं, डॉक्टरबाईंना विचारते. नणंद म्हणाली, "त्या घे म्हणणारच. त्यांचं दुकान आहे ते." मग तिने आवाज खाली आणला आणि विचारलं, "उद्या बाळाला काही झालं तर?"

झालं. तपासणीवाल्या बाईला 'काही झालं तर' विचारायचं! मला चीड आली होती, पण भीती चिडीहून मोठी होती. तेव्हा सासूबाईंनी तोडगा काढला.

"अर्धी घे की."

सगळ्यांचे चेहरे उजळले. घेतल्यासारखंही झालं आणि न घेतल्यासारखंही. नवऱ्याने त्याच रात्री भाजीच्या सुरीने गोळी कापली. एक तुकडा उडून फ्रिजखाली गेला, आणि टॉर्च घेऊन तो शोधायला सगळं घर पालथं पडलं. मूल अजून पोटात नव्हतं, पण त्याचे लाड सुरू झाले होते.

गोळी अर्धी झाली आणि पोटातला भीतीचा गोळा आख्खा झाला. आधी डोकं गरगरायला लागलं, मग झोप गेली, भूकही गेली. गॅस बंद आहे ना हे बघायला मी पुन्हा अर्ध्या रस्त्यातून घरी परतू लागले. एका दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट मी बंद करून ठेवली. दोर उत्तम, ब्रेक उत्तम, चिंधी कुठे अडकत नव्हती. तरी सही करायला हात उचलेना. लोक जिने चढत माझा उद्धार करत होते आणि मी वर मशीनरूममध्ये गुडघ्यात डोकं घालून बसले होते. साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अशी काळजी घेणारी माणसं पाहिजेत!" सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी घरी येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता डॉक्टरबाईंकडे गेले.

"अर्धी कुणी सांगितली?"

"घराने."

"घर कुठल्या कॉलेजात शिकलंय?"

मी हसले आणि लगेच डोळे भरून आले. त्यांनी पाणी दिलं आणि सरळ सांगितलं. काही गोळ्या मूल ठरवण्याआधी बदलाव्या लागतात, काही चालू ठेवता येतात, आणि कुठली कशी हे विचारूनच ठरवायचं. माझी त्यांनी पुन्हा तपासून पाहिली, माझ्यादेखत बायकांच्या डॉक्टरांना फोन लावला. चालू ठेवायचं ठरलं, आख्खीच. शिवाय फॉलिक अॅसिड सुरू करायचं.

"धोका काहीच नाही?" मी विचारलं.

"असं मी सांगणार नाही. थोडा आहे, त्यावर आपण लक्ष ठेवू. पण तुम्ही अशा झोपेविना, जेवणाविना राहिलात तर तोही धोकाच आहे, तुम्हालाही आणि बाळालाही. त्याबद्दल घरात कुणी फोनवर वाचलं नाही का?"

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी सगळ्यांदेखत आख्खी गोळी तळहातावर घेतली. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. नवरा ताटात बघत बसला.

"आख्खी?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, आई व्हायचंय तुला. एवढं सोसायला नको?"

माझा तोल गेला. "सोसायचं तर तुम्ही का नाही सोसत, आई? तुमची अर्धी कशाला लागते रोज?"

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. सासूबाई कितीतरी वेळ टेबल पुसत राहिल्या. टेबल स्वच्छच होतं.

"हा झाला तेव्हापासून लागते," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "याला उचलायची भीती वाटायची. वाटायचं, हातातून पडेल. रात्र रात्र बसून राहायचे. डॉक्टरांनी गोळी दिली, तर माझ्या सासूबाई म्हणाल्या, अंगावर पाजतेस, अर्धीच घे. अर्धीने झोप तेवढी लागायची. भीती होती तिथेच. मग झोपेची झोपेची म्हणत तेच नाव पडलं. पुन्हा डॉक्टरकडे कुणी नेलं नाही, आणि मीही म्हटलं नाही."

मला रागाची लाज वाटली आणि राग गेलाही नाही. नवऱ्याला ते सोसेना. तो हसत म्हणाला, "पण बघ ना आई, मी तर ठणठणीत झालो!"

"तू झालास रे," सासूबाई म्हणाल्या. "मी कुठे झाले?"

त्यांनी पेला भरून माझ्यापुढे ठेवला आणि मी गोळी गिळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.