ढोलकीवाल्याचं बोट

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. रक्तातली साखर मोजणारं, तळहातावर मावणारं यंत्र. मला लागणाऱ्या पट्ट्या आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून मी निवृत्त झालो. पण माझी कहाणी आनंदाची आहे, ती ऐका.

एका कारखान्यात माझे भाग जुळले आणि मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका औषधाच्या दुकानात येऊन बसलो. तिथून मला मायाताईंनी नेलं, त्यांच्या वडिलांसाठी. भगवानराव नोकरीतून निवृत्त होऊन पत्नी रखमाबाईंसह बदलापूरला, बेलवलीत राहत. त्यांना मधुमेह होता आणि ढोलकीचं वेड होतं. बुद्धविहारातल्या कार्यक्रमाला त्यांची ढोलकी आल्याशिवाय गाणारे गाणं सुरूच करत नसत.

पहिल्याच दिवशी मी तीनशे चाळीस आकडा दाखवला. मायाताई वडिलांवर खूप चिडल्या. जिलेबी कोणी खाल्ली, गोळ्या का चुकवल्या, सगळं विचारून झालं. भगवानराव मान खाली घालून बसले. त्या अंबरनाथला आपल्या घरी परतल्या आणि यांनी मला कपाटात स्वेटरांच्या खाली ढकललं.

"बोटं टोचून घेतली तर ढोलकी कशी वाजवू?" असं ते रखमाबाईंना म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. त्यांना सुईची नव्हे, माझ्या आकड्याची भीती वाटत होती. गोळ्यांचंही तसंच. अंग जड वाटलं की घ्यायच्या, बरं वाटलं की बंद. मी अंधारात पडून राहिलो. बाहेर ढोलकी वाजायची, ती मात्र ऐकू यायची.

एके संध्याकाळी सराव करून ते घरी आले आणि रखमाबाईंना फरशीवर रक्ताची पावलं उमटलेली दिसली. चपलेतून वर आलेला खिळा भगवानरावांच्या पायाच्या अंगठ्यात घुसला होता आणि त्यांना तो कळलाही नव्हता. वाढलेल्या साखरेनं पाय बधिर केले होते. डॉक्टरांनी जखम धुतली, औषधं बदलली, इन्सुलिन सुरू केलं. साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा कापावा लागेल, हेही स्पष्ट सांगितलं.

घरी येताच रखमाबाईंनी थेट स्वेटरांखाली हात घातला. मी कुठे आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

मायाताई धावत आल्या. रागावायला त्यांनी तोंड उघडलं, पण वडिलांच्या पायाची पट्टी बघून त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "पप्पा, आकडा कितीही येऊ दे, मी ओरडणार नाही. फक्त लपवू नका."

भगवानरावांनी बोट पुढे केलं.

दवाखान्यातल्या सिस्टरनी युक्ती शिकवली होती. सुई बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचायची. थाप मारताना दुखत नाही. मग काय! रक्ताचा थेंब पट्टीला लागला की मला आकडा दाखवायला जरा वेळ लागे, तेवढ्यात भगवानराव गुडघ्यावर ठेका धरू लागले. आकडा चढला तर दोघं नवरा-बायको काय खाल्लं ते आठवत. एकदा खापर पावावर फुटलं, एकदा शेजारच्या बारशाच्या पेढ्यांवर. उतरला तर ठेका दुप्पट लयीत वाजे. ज्या सकाळी मी एकशे अठरा दाखवला, त्या सकाळी रखमाबाईंनी मला पदराने पुसलं. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

जखम हळूहळू भरली. अंगठा वाचला. जयंतीच्या मिरवणुकीला डॉक्टरांनी परवानगी दिली, बंद आणि मऊ बूट घालायच्या अटीवर. निघण्याआधी भगवानरावांनी साखर तपासली आणि ढोलकी गळ्यात अडकवली. बेलवलीभर ते वाजवत चालले. मायाताई पुढे नाचत होत्या. मी रखमाबाईंच्या पिशवीत होतो, आणि खरं सांगतो, मीही आतल्या आत नाचत होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारचे हिंदुराव आले. मला काही साखरबिखर नाही, असं सगळ्यांना सांगणारे. दार लोटून घेत ते हळूच म्हणाले, "जरा माझी पण बघता का?" भगवानरावांनी नवी सुई लावली. आकडा मोठा आला. हिंदुरावांचा चेहरा पडला, ते उठू लागले. भगवानरावांनी त्यांचा हात धरला.

"बसा हो. मला तर यानं तीनशे चाळीस दाखवले होते. उद्या दवाखान्यात दोघं जाऊ."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ कपाटात पडला असेल. त्याला बाहेर काढा. त्याच्या पट्ट्या ओलाव्यापासून जपा, एकाची सुई दुसऱ्याला लावू नका. आणि आकडा मोठा आला तर आजी-आजोबांवर रागावू नका, त्यांच्या शेजारी जाऊन बसा. घाबरलेलं माणूस आम्हाला लपवतं. शेजारी कोणी बसलं, की ते आपणहून बोट पुढे करतं.