मिस प्रिचर्डचा पाचवा फटका

"चार," मिस प्रिचर्ड म्हणाल्या आणि वाकून सातव्या भोकातला चेंडू काढून घेतला.

सुहासिनीची पेन्सिल कार्डावर थबकली. चार नव्हे, पाच. पहिला फटका सरळ गेला, दुसरा दगडांत अडकला, तिसऱ्याने चेंडू बाहेर निघाला, चौथ्याने भोकाजवळ आला आणि पाचव्याने आत. तिने पाचाचा आकडा लिहिलाही होता. मिस पाठमोऱ्या झाल्या तसा तिने तो घाईघाईने खोडला आणि वर चार लिहिले. फेब्रुवारीतल्या सकाळचा वारा गार होता.

कुवेतमधल्या अहमदीच्या या गोल्फ क्लबात हिरवळ औषधालाही नाही. जिकडे पाहावं तिकडे वाळू. भोकाभोवती तेवढी तेल शिंपून, दाबून सपाट केलेली जमीन, तिला सगळे ब्राउन म्हणतात. चेंडू ठेवायला प्रत्येकाने आपापला नकली गवताचा तुकडा बगलेत मारून हिंडायचं, सप्ताहाला बायका बस्कर घेऊन जातात तसं. आणि खेळात पंच नसतो. दोघांनी एकमेकांचं कार्ड भरायचं, शेवटी दोघांनी सह्या करायच्या. फटके जितके कमी तितका खेळ वरचढ, आणि मोजदादीचा सगळा कारभार विश्वासावर.

सुहासिनी गायधनी, मूळची नाशिकची, वय एक्कावन्न, एकोणीस वर्षं या क्लबाच्या ऑफिसात कारकून. नवरा राजाभाऊ पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, घर जवळच्याच मंगफला. खिडकीआडून खेळ बघणाऱ्या या बाईला मिसनीच एकदा हाताला धरून बाहेर आणलं होतं आणि पोरीला सायकल शिकवावी तसं शिकवलं होतं. दोघी बोलायच्या इंग्रजीत, पण सुहासिनीच्या कानात ते मराठीच होऊन उतरायचं.

मिस आता शहात्तर वर्षांच्या. इंग्लंडात बाई गोल्फचा धंदा करते म्हटल्यावर लोक हसायचे, त्या काळात त्या आपल्या गावच्या क्लबात शिकवायला लागल्या. पुरुषांना शिकवायचं, त्यांच्या काठ्या दुरुस्त करायच्या आणि डबा मात्र मागच्या शेडमध्ये बसून खायचा, कारण पुढच्या दाराने बायकांना मज्जाव. शिकवण्याचे पैसे घेतले म्हणून हौशी स्पर्धा बंद झाल्या, आणि व्यावसायिक बायकांच्या स्पर्धा तर तेव्हा कुणी भरवतच नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं. एकदा पुरुषांच्या स्पर्धेत कसंबसं नाव घातलं, तर बरोबरच्या गड्याने त्यांच्या कार्डावर सहीच केली नाही. सहीशिवाय कार्ड म्हणजे रद्दी. त्या दिवशीचा खेळ जमाच धरला गेला नाही. पुढे स्पर्धा निघाल्या, मिस जिंकल्याही, मग शिकवायला इकडे आल्या, पण ही गोष्ट सांगताना त्यांची हनुवटी अजून थरथरायची.

दिवाळीपासून मिस विसरायला लागल्या होत्या. एकदा गाडी कुठली ते आठवेना म्हणून पार्किंगमध्ये नुसत्याच उभ्या होत्या. एका मुलीला तोच धडा लागोपाठ दोनदा शिकवला. सुहासिनी गुपचूप सगळं सावरून घ्यायची. धड्यांच्या वेळा बदलायची, चिठ्ठ्या लिहून त्यांच्या पिशवीत टाकायची. पण सावरणार किती? मिसचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, एप्रिलमध्ये संपत होता आणि क्लबाचं पत्र असल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता. इंग्लंडात मिसचं घर राहिलं नव्हतं, बहीण गेली होती. नवे मॅनेजर जहीरसाहेब तिला म्हणाले होते, "मॅडम, मिस का लेटर शुक्रवार के बाद टाइप करेंगे. पहले कप में देख लें, खेल पाती हैं या नहीं."

आज तोच शुक्रवार होता, क्लबाच्या कपाच्या स्पर्धेचा.

"तू कशाला हे झेंगट गळ्यात घेतेस?" सकाळी राजाभाऊ म्हणाला होता. "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस, सही कर आणि घरी ये."

त्याला काय जातंय सांगायला! जहीरसाहेबांना कळेल याची तिला एवढी भीती नव्हती. मिसना स्वतःला कळलं तर त्या आपण होऊन त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचंच तिला भय होतं. बाराव्या भोकाला सहाचे पाच झाले. पंधराव्यालाही एक गळाला. दोन्ही वेळा सुहासिनीने मिस म्हणाल्या तेच लिहिलं.

शेवटी व्हरांड्यातल्या टेबलाशी दोघी बसल्या. मिसनी चष्मा लावला आणि कार्डावरून बोट फिरवू लागल्या. सातव्या आकड्यावर बोट थांबलं.

"हे खोडलंय."

"चुकून लिहिलं होतं, मिस."

"काय लिहिलं होतंस?"

खरं सांगावं, थाप मारावी, की उठून पळून जावं, सुहासिनीला सुचेना. समोरचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

"पाच," ती म्हणाली.

"आणि खरे किती होते?"

"पाचच."

"आणखी कुठे?"

"बाराव्याला. पंधराव्यालाही."

मिसनी टेबलाची कड घट्ट धरली.

"कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीपासून," सुहासिनीला रडू फुटलं. "तुम्हाला पाठवून देतील म्हणून भ्यायले मी."

"एका माणसाने माझं खरं कार्ड खोटं ठरवलं होतं," मिस हळू म्हणाल्या. "त्याला मी कधीच माफ केलं नाही. तू तर खोट्या कार्डावर माझी सही घेणार होतीस, सुहास. तीही प्रेमाने. आता तुझं मी काय करू?"

मिसनी सुहासिनीच्या हातातून पेन्सिल घेतली, तिन्ही आकडे दुरुस्त केले, सही केली आणि कार्ड तिच्यापुढे सरकवलं. तिचीही सही झाल्यावर त्या उठल्या आणि जहीरसाहेबांच्या खोलीत गेल्या.

सुहासिनी बाहेर बसून राहिली. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. एकदा खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, तेव्हा ती उठून उभी राहिली. पण जहीरसाहेब उठून स्वतः दार उघडायला आले होते. मिस बाहेर पडेपर्यंत ते दार धरून उभे राहिले.

"नवं पत्र नको म्हणून मीच सांगितलं," मिस म्हणाल्या. "एप्रिलपर्यंत मुलांना शिकवेन. तू शेजारी उभं राहायचंस, अशी अट मी घातली."

"आणि मग? तिकडे कुणाकडे जाणार तुम्ही?"

मिस वाळूकडे वळल्या.

"ठाऊक नाही. भीती वाटते मला, सुहास." एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला.

"मलाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबात चिटपाखरू नव्हतं. मिस एकट्याच खेळायला निघाल्या आणि सुहासिनी मागून चालू लागली. पहिल्या भोकात चेंडू पडल्यावर मिसनी खिशातलं कार्ड काढलं, पेन्सिल टेकवली आणि थांबल्या. मग त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. सुहासिनीने फटके मोजले होते; तिने हात वर करून चार बोटं दाखवली. मिसनी स्वतःच्या हाताने चार लिहिले आणि दुसऱ्या भोकाकडे चालू लागल्या.