पाण्याकडचं दार

मालवेझोंचा महाल घरापासून चालत सात मिनिटांवर होता, आणि तिथं जायचं कसं हे ठरवण्यात नीव्हेसचे तीन आठवडे गेले.

वाटेत चार पूल लागत. चारही पुलांना दोन्ही अंगांनी पायऱ्या, आणि तिच्या थोरल्या बहिणीच्या, इरीदेच्या, गुडघ्यांनी सहा वर्षांपूर्वीच पायऱ्यांशी बोलणं टाकलं होतं. सपाटीवर ती काठी टेकत चाले. पण व्हेनिसमध्ये सपाटी म्हणजे एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत. त्यामुळे इरीदेचं जग एक बेकरी, एक चर्च आणि एक औषधांचं दुकान एवढ्यात संपत होतं. तिची तक्रार नव्हती. तिला मुळात कुठं जायचंच नसे.

तक्रार घरमालकाची होती. त्याला घरात आता माणसं नको होती, पर्यटक हवे होते. नोव्हेंबर संपायच्या आत किल्ल्या परत द्यायच्या होत्या. नीव्हेसनं खाजणापलीकडे, मेस्त्रेला, लिफ्ट असलेलं घर बघितलं. इरीदेनं फोटो नीट पाहिले, नळ कसे आहेत विचारलं आणि म्हणाली, "घर छान आहे. पण आई आली तर तिला कसं कळणार?"

गॅसवाल्याबद्दल विचारावं तसं तिनं विचारलं.

आई, म्हणजे आमाबिले, जाऊन बासष्ट वर्षं झाली होती. ती मालवेझोंकडे इस्त्रीच्या कामाला होती. नोव्हेंबरातल्या एका सकाळी नऊ वर्षांच्या इरीदेला तिनं बरोबर नेलं, इस्त्रीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, इथून हलू नकोस, मी आलेच. मग ती धुतलेल्या चादरींच्या टोपल्या उतरवून घ्यायला खाली पाण्याकडच्या दाराशी गेली. ओहोटी होती, पायऱ्यांवर शेवाळ होतं. टोपल्या सापडल्या. आमाबिलेला पाण्यानं खाजणात नेलं आणि खाजणानं समुद्रात. संध्याकाळी खुर्चीच्या हातांवरून इरीदेची बोटं सोडवायला स्वयंपाकीण आणि माळी अशी दोन माणसं लागली.

नीव्हेस तेव्हा चार वर्षांची होती आणि शेजारणीकडे होती. तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

पुढं इरीदेला पादोव्हाच्या एका सज्जन घड्याळजीनं मागणी घातली. पादोव्हा गाडीनं अर्ध्या तासावर आहे. इरीदे म्हणाली, लांब पडतं. आता वय झालं तरी नोव्हेंबरात ओहोटी लागली की ती असेल तिथं बसे, खुर्चीचे हात धरी आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत बोलत नसे. त्या वेळी घरात स्टार्चचा वास येई. दोघी बहिणींनी गेल्या तीस वर्षांत कशालाही स्टार्च केला नव्हता. नीव्हेस म्हणे, वरच्या मजल्यावरून येत असेल. वरचा मजला रिकामा होता.

नीव्हेसनं पालिकेच्या मृत्यूनोंदणीत छत्तीस वर्षं काढली होती. मेलेल्या माणसांचा तिला कधी त्रास झाला नाही. त्रास द्यायचे ते त्यांचे नातेवाईक. आमाबिलेची फाईल तिनं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात काढून पाहिली होती. देह न सापडल्यामुळे दहा वर्षांनी कोर्टानं मृत ठरवलेलं, तीन शिक्के, एक सही. कागद चोख होता. तो इरीदेला दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "कोर्टाला काय माहीत? कोर्ट कुठं थांबलं होतं?"

शेवटी तोडगा इरीदेनंच काढला. महालाचं वस्तुसंग्रहालय झालं होतं आणि इस्त्रीची खोली लोकांना खुली केली होती. "एकदा मला त्या खुर्चीवर नेऊन बसव," ती म्हणाली. "आई आली, ऊठ म्हणाली, की येते तुझ्या मेस्त्रेला."

नीव्हेसला भीती होती की आई येणार नाही आणि इरीदे उठणार नाही. त्याखाली आणखी एक भीती होती: आई येईल, आणि इरीदेला घेऊन जाईल. ही दुसरी तिनं कुठल्याच यादीत लिहिली नाही.

याद्या मात्र भरपूर झाल्या. महालाला दोन दारं. गल्लीतलं दार पूर्वी नोकरांचं होतं, आता तिकीट काढणाऱ्यांचं. पाण्याकडचं दार मालकांचं. जुन्या काळी नोकर त्या दारातून फक्त एकदा जात आणि तेही आडवे, कारण गल्लीच्या कोपऱ्यावर शवपेटी वळत नसे. संग्रहालयानं लिफ्ट बसवली ती नेमकी त्याच दाराशी. म्हणजे इरीदेला न्यायचं तर बोटीनं, आणि त्याच दारातून.

नीव्हेसनं संग्रहालयाच्या नंबरावर फोन लावला आणि इरीदेलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या तरुणानं फोन उचलला. त्यानं अतिशय आपुलकीनं सुचवलं की बहिणीला चालवत नसेल तर गाडी थेट दारापर्यंत आणा. दारापुढं कालवा आहे, असं नीव्हेसनं सांगितल्यावर तो म्हणाला, मग पार्किंगची सोय असेलच असं सांगता येत नाही. तिनं इस्त्रीच्या खोलीबद्दल विचारलं. त्यानं फोन तिकडे जोडून दिला.

पलीकडे एका बाईनं उचलला. आवाज थकलेला, कामाच्या घाईतला.

"भरतीला या," ती म्हणाली. "ओहोटी लागायच्या आत निघा. पायऱ्या निसरड्या असतात, आणि मला टोपल्या उतरवायच्या असतात."

नीव्हेसनं आभार मानून सगळं लिहून घेतलं. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. दुसऱ्या दिवशी तिनं सरळ संग्रहालयाच्या कचेरीत फोन केला. तिथल्या माणसानं सांगितलं की इस्त्रीच्या खोलीत फोन नाही. भिंत ऐतिहासिक असल्यामुळे वायर टाकायची परवानगीच मिळाली नव्हती.

इरीदे संत मार्तीनच्या सणाचं, घोडेस्वाराच्या आकाराचं बिस्कीट खात होती. घोड्याचं डोकं संपवून ती म्हणाली, "दमलेली वाटली, नाही?"

आईचा आवाज कसा होता हे नीव्हेसला आठवत नव्हतं. ती भरती-ओहोटीचा तक्ता काढून बसली.

बोट ओरेस्तेची होती. गल्लीच्या टोकाला राहणारा हा साठीचा माणूस आयुष्यभर वॉशिंग मशीन, बिअरच्या पेट्या आणि क्वचित पियानो वाहत आला होता. तो म्हणाला, पाणी फार चढलं तर पुलाखालून बोट जाणार नाही, फार उतरलं तर बाईला शेवाळावर उभं करावं लागेल. मधला तासभर आपला. नीव्हेसनं असा तास शोधून काढला: गुरुवार, सकाळी दहा चाळीस. नाव नोंदवलं, डॉक्टरचा कागद जोडला, रहिवासी असल्याचा दाखला जोडला. ज्या गावात जन्म गेला तिथं राहतो हे सिद्ध करण्यात एक दुपार गेली, आणि पंधरा दिवसांनी ते खरंही राहणार नव्हतं.

गुरुवारी धुकं होतं. ओरेस्तेनं इरीदेला खुर्चीसकट बोटीत ठेवलं, वर ताडपत्री टाकली.

"सिओरा इरीदे, हलू नका हं," तो म्हणाला. "पियानोसुद्धा हलत नाही."

"मला सवय आहे," इरीदे म्हणाली.

पाण्याकडचं दार उघडंच होतं. पायऱ्या पाण्याखाली होत्या आणि बोट थेट उंबऱ्याला लागली. सामांता नावाची पहारेकरीण दोघींना लिफ्टनं वर घेऊन गेली. तिच्याकडे कलेच्या इतिहासातली पदव्युत्तर पदवी आणि एक वॉकीटॉकी होता, आणि त्यांतला वॉकीटॉकी चालत होता.

खोलीला त्यांनी 'इतिहासाचे निःशब्द हात' असं नाव दिलं होतं. टेबल, लोखंडी इस्त्री, टोपल्या, खिडकीशी खुर्ची. खुर्चीवर पाइनचं वाळलेलं फळ ठेवलं होतं. कोणी बसू नये म्हणून संग्रहालयवाले तसं ठेवतात. इरीदेनं ते उचललं, सामांताच्या हातात दिलं आणि बसली.

सामांता म्हणाली की बसता येणार नाही. नीव्हेसनं कोणत्या नियमाप्रमाणे, असं विचारलं. छत्तीस वर्षं हा प्रश्न तिनं कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूनं ऐकला होता. बाहेरून विचारायला फारच बरं वाटलं. सामांताला नियम आठवेना. वॉकीटॉकीवर कोणी उत्तर देईना, म्हणून ती साहेबांना विचारायला खाली गेली.

बहिणी थांबल्या. खिडकीबाहेर धुक्यात पाणी स्थिर होतं. पाव तास गेला, वीस मिनिटं गेली. मग खालून ओरेस्तेची हाक आली: पाणी फिरलं, ओहोटी लागली.

आधी वास आला, स्टार्चचा आणि तापलेल्या लोखंडाचा. नीव्हेसनं टेबलावरच्या इस्त्रीला हात लावून पाहिला. इस्त्री थंड होती. मग टेबलापलीकडून पावलं निघाली, ओल्या कापडासारखी जड, आणि खुर्चीपाशी थांबली.

"इथून हलू नकोस," फोनवरचा आवाज म्हणाला. "मी आलेच."

"हो, आई," इरीदे म्हणाली. तिची बोटं खुर्चीच्या हातांवर आवळली.

पावलं दाराबाहेर गेली, जिना उतरली, पाण्यापाशी थांबली. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा वास, टेबलामागून पावलं, हलू नकोस, आलेच. हो, आई. पुन्हा जिना.

तिसऱ्या खेपेला नीव्हेसच्या लक्षात आलं. आई येणार नव्हतीच. ती फक्त निघत होती. बासष्ट वर्षं नोव्हेंबरातल्या प्रत्येक ओहोटीला ती लेकीला बसवून टोपल्यांसाठी खाली जात होती, आणि इरीदे जिथं असेल तिथून मनातल्या मनात हो म्हणत होती, म्हणून तिला जाता येत होतं. या दोघींचं असंच चालणार होतं. इरीदेचे ओठ निळसर दिसत होते.

चौथ्या खेपेला पावलं दाराशी आली तेव्हा दारात नीव्हेस उभी होती. समोर कोणी दिसत नव्हतं. तिच्या तोंडावर फक्त गार, खारट वारा आला.

"खाली जाऊ नकोस," ती म्हणाली. "टोपल्या मी उतरवते."

पावलं थांबली.

"तू कोण?"

"नीव्हेस."

"नीव्हेस चार वर्षांची आहे. शेजारी ठेवलीय तिला."

"तिथूनच आले. मला कोणी थांब म्हणून सांगितलं नव्हतं." नीव्हेसचा आवाज खिडकीमागच्या कारकुनासारखा कोरडा निघाला, तिच्याकडे दुसरा आवाज नव्हता. "जरा उशीर झाला."

बराच वेळ नुसतं पाणी ठिबकत राहिलं.

"खाली निसरडं आहे," आवाज म्हणाला.

"माहीत आहे. जपून उतरेन."

"आणि ही?"

"हिला मी नेते. तू दमलीस, आता काम ठेव."

नीव्हेसच्या गालाला काहीतरी लागलं. ओला हात असावा, किंवा ओली बाही. उंचीचा अंदाज चुकल्यासारखं ते आधी तिच्या कमरेपाशी शोधत आलं आणि मग वर चढलं.

"केवढी झालीस," आवाज म्हणाला. मग खोलीकडे वळून, कामातून सवड मिळालेल्या बाईसारखा: "ऊठ गं, इरीदे. बहिणीबरोबर जा."

इरीदे उठली. काठी घ्यायला विसरली, ती नीव्हेसनं घेतली.

लिफ्टच्या दारात सामांता भेटली. साहेबांनी बसायला परवानगी नाकारली आहे, तिनं दिलगिरीनं सांगितलं. राहू दे आता, असं इरीदे म्हणाली. सामांतानं खोलीत डोकावून पाहिलं, जमिनीवरचं पाणी पाहिलं, आणि कुठून आलं याचा फार विचार न करता 'फरशी ओली आहे' असा पिवळा फलक मधोमध उभा केला.

पाणी दोन पायऱ्या उतरलं होतं आणि त्या दोन्ही हिरव्या होत्या. नीव्हेस आधी उतरली, एकेक पाऊल आडवं टाकत. मग तिनं हात वर केला आणि इरीदेला धरलं. ओरेस्तेनं दुसरा हात धरला. इरीदे बोटीतल्या खुर्चीवर बसली तेव्हाच ओरेस्तेनं श्वास सोडला आणि दोर काढला.

कालव्याच्या वळणापर्यंत इरीदेनं मागं पाहिलं नाही. ओहोटी लागली होती आणि तिचे हात मांडीवर मोकळे पडले होते.

"मेस्त्रेचं घर कितव्या मजल्यावर आहे म्हणालीस?" तिनं विचारलं.

"चौथ्या."

"खिडकीतून काय दिसतं?"

"बसचा थांबा. एक शाळा."

"पाणी?"

"नाही दिसत."

"बरं झालं," इरीदे म्हणाली, आणि तिनं ताडपत्री गुडघ्यांवर ओढून घेतली.