मीठ चवीनुसार

ऑफिसात ती मॅडम आणि घरी वहिनी. मधल्या जिन्यात तिला काय म्हणायचं हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे जिन्यात मी नुसता खोकतो.

आमचा कक्ष हृदयरोग प्रतिबंधाचा. खालच्या मजल्यावर हृदयाची शस्त्रक्रिया करणारे बसतात. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, गुळगुळीत फरशी आहे, फीत कापायला मंत्री येतात. प्रतिबंधवाल्यांकडे कोणी येऊन काय कापणार? आमच्याकडे एक खोली, दोन टेबलं आणि उघडझाप होणारं एक प्लॅस्टिकचं हृदय आहे. त्याचा वरचा कप्पा कुणीतरी टाचण्या ठेवायला नेला तो नेलाच. वहिनी कक्षाची प्रमुख. मी तिच्या हाताखाली घोषवाक्यं लिहितो. वशिल्याने लागलो असं लोक म्हणतात, आणि खरंच आहे ते. पण त्या जागेसाठी दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता, म्हणजे वशिलाही वायाच गेला.

माझं पहिलं घोषवाक्य होतं, 'मीठ कमी, जगण्याची हमी.' विधी खात्याने ते परत पाठवलं. शासन हमी देऊ शकत नाही म्हणे. शेवटी छापून आलं ते असं: 'मीठ कमी, जगण्याची शक्यता.' लोक भिंतीवर ते वाचायचे, जरा विचारात पडायचे आणि पुढे जाऊन सिगारेट पेटवायचे.

हे सगळं मीठ-प्रकरण सुरू झालं ते दादामुळे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा, धंद्याने घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर एका खुर्चीत बसतो. दुपारचं जेवण म्हणजे पाकिटातलं सूप आणि शेजारच्या दुकानातला कापलेला पाव. एकदा असाच बसलेला असताना त्याच्या छातीत कळ आली. पित्त असेल म्हणून त्याने गिऱ्हाइकाचं घड्याळ आधी पुरं केलं, ते कानाला लावून चालतंय याची खात्री केली आणि मग खाली पडला. हॉस्पिटलात त्याच्या नसांमध्ये बारीक जाळ्या बसवल्या. शुद्धीवर आल्यावर त्याला सांगितलं तर स्वारी खूश.

"म्हणजे आता माझ्यातही स्प्रिंग आहे! किल्ली कुठून द्यायची तेवढं विचारून ठेव रे."

डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं. वहिनी स्वतः डॉक्टरीण, तिने घरातली मिठाची बरणीच उचलून कुणाला तरी देऊन टाकली. त्यानंतर आमच्याकडची जेवणं बघण्यासारखी असायची.

"अगं, हे जेवण आहे की निवेदन?" दादा ताटाकडे बघून म्हणायचा.

"गुपचूप खा. सवय होते."

"सवय तर मरणाचीही होत असेल. तिथून परत येऊन कोणी सांगितलेलं नाही एवढंच."

"अहो, जेवताना तरी असलं बोलू नका."

"बरं, दुसरं बोलतो. डॉक्टरीणबाई, तुमच्या हातची ही भाजी मऊ आहे. हिच्याबद्दल एवढंच बोलता येतं."

पण दादाचं रक्तदाब मोजायचं यंत्र काही ऐकेना. आकडा होता तिथेच. वहिनीला वाटायचं हा बाहेर चोरून खातो. दादा शपथेवर सांगायचा, की मी मिठाला बोटही लावत नाही. तो खरंच बोलत होता. एके दिवशी वहिनीने त्याच्या दुकानातलं पावाचं आणि सुपाचं पाकीट उचलून सरळ प्रयोगशाळेत तपासायला दिलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा एखाद्या जवळच्याने फसवल्यासारखा झाला होता.

"पावातच आहे सगळं," ती मला म्हणाली. "दिवसाचं सगळं मीठ हे दुपारपर्यंत संपवतात, आणि रात्री मी यांना अळणी खायला घालून छळते. लागत नाही, दिसत नाही, कुणी वरून घालत नाही. सगळ्या गावाच्या पोटात रोज हेच जातंय."

"मग त्याला सांग ना, पाव सोड म्हणून."

"सोडतील. चार दिवस. माणसाला किती आणि काय काय सांगणार रे? इथे पावालाच सांगायला हवं."

आणि एका नवऱ्याला समजावता येईना म्हणून माझ्या वहिनीने अख्ख्या देशाच्या पावासाठी कायदा लिहायला घेतला.

कायदा सुरेख होता. मी वहिनीचा दीर आहे म्हणून म्हणत नाही, मी तो टाइप केला आहे. पाव, बिस्किटं आणि पाकिटातलं सूप यांत मीठ किती असावं याची एक कमाल मर्यादा. ती दर वर्षी जराशी खाली आणायची, इतकी हळू की जिभेला पत्ता लागू नये. जो कारखानदार मर्यादा पाळेल त्याच्या पाकिटावर लाल हृदयाचं चिन्ह. आणि सगळ्या सरकारी दवाखान्यांनी, शाळांनी, कँटीननी घ्यायचा तर हृदयाचं चिन्ह असलेलाच माल घ्यायचा, नाहीतर दंड. पळवाट कुठेच ठेवलेली नव्हती. सगळं यंत्र एका आकड्यावर फिरत होतं, आणि तो आकडा तिने दादाचा रक्तदाब उशाशी घेऊन काढला होता.

मंजुरीच्या बैठकीला लांबलचक टेबल होतं. अध्यक्षस्थानी सचिवसाहेब. समोर पाव-उत्पादक संघटनेचे प्रतिनिधी. ते इतकं हळू बोलायचे की ऐकण्यासाठी सगळे पुढे वाकायचे, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं सगळे त्यांना मुजरा करताहेत. आम्ही त्यांना मऊसाहेब म्हणायचो. शेजारी अर्थखात्याचे एक अधिकारी, ज्यांना दुपारी घरी लवकर जायचं होतं.

वहिनी उभी राहिली आणि तिने सांगितलं, की एवढं मीठ कमी झालं तर वर्षाला हजारो माणसं वाचतील.

"कोणती?" सचिवांनी विचारलं.

"कोणती ते सांगता येत नाही, सर. सगळ्यांमधली."

"एखादं उदाहरण? मंत्र्यांना चेहरा लागतो."

"सर, जी वाचतील त्यांना आपण वाचलो हे कळणारच नाही. ती नेहमीसारखी उठून कामाला जातील."

"आमच्याकडे चेहरे आहेत," मऊसाहेब हळूच म्हणाले. सगळे पुढे वाकले. "आमचे कामगार. पाव खपला नाही तर घरी बसतील. नाव-पत्त्यासकट देतो."

हीच खरी अडचण होती. पाववाल्यांची संघटना आहे, तिला कार्यालय आहे, कार्यालयात थंड पाण्याचं यंत्र आहे. अजून न मेलेल्या माणसांची संघटना नाही. ती काढावी तर वर्गणी कोणाकडे मागायची?

मग आकड्यावर घोडं अडलं. मऊसाहेबांचं म्हणणं, कायद्याला विरोध नाहीच, कायदा पवित्र आहे, फक्त तेवढा आकडा नको.

"आकडा आला की वाद येतो. त्यापेक्षा 'माफक' लिहू या."

"माफक म्हणजे किती?" वहिनीने विचारलं.

"तेच तर त्या शब्दाचं सौंदर्य आहे."

"'वाजवी' कसं वाटतं?" अर्थखात्याने घड्याळ बघत विचारलं.

"'शक्यतो वाजवी'," सचिव म्हणाले. "म्हणजे कुणाला अपमान वाटायला नको."

जेवणाची वेळ झाली, गेली. 'बेताचं' आलं, 'यथोचित' आलं, 'प्रमाणशीर' आलं. प्रत्येक शब्द टेबलावर यायचा, सगळे त्याला चाखून बघायचे आणि बाजूला ठेवायचे. वहिनी प्रत्येक वेळी उठून आकडा सांगायची आणि प्रत्येक वेळी सचिव म्हणायचे, "मॅडम, तो मुद्दा झाला." पालथ्या घड्यावर पाणी. तिचा आवाज चिरकायला लागला होता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या वहिनीने आयुष्यात कधी विनोद केलेला नाही. तिला विनोद कळतात, पण ती ते करत नाही, जसं काही लोकांना पोहणं कळतं आणि ते काठावर कपडे सांभाळत बसतात. आमच्या घरात दादा आणि मी असताना तिसऱ्याची गरजही नव्हती.

त्या दिवशी तिचा संयम सुटला.

"मग असं करा ना!" ती म्हणाली. "कायद्यात लिहून टाका, 'मीठ चवीनुसार'. पाककृतीच्या पुस्तकात लिहितात तसं. आणि खाली टीप द्या, की वरून कोथिंबीर पेरावी!"

मी हसलो. खोलीत हसणारा मी एकटाच होतो, म्हणून मी त्याचा खोकला केला.

मऊसाहेबांनी पेन उघडलं. "मीठ चवीनुसार," त्यांनी सावकाश लिहिलं. "वा."

"सोपं आहे," अर्थखातं म्हणालं.

"घराघरात पोचलेला शब्द आहे," सचिव म्हणाले. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "माझी आई हेच म्हणायची. मॅडम, इतका वेळ हे पोटात ठेवून का बसला होतात?"

"सर, मी... ते मी उपरोधाने बोलले."

"हो, पण सूचना चांगली आहे."

"सर, ती सूचना नाही! टोमणा आहे तो!"

सचिवांनी लेखनिकाकडे बघितलं. लेखनिकाने इतिवृत्ताचा कागद खालीवर चाळला.

"टोमण्याचा रकाना नाही, सर."

"मग सूचनेत घ्या. कोथिंबीर वगळा." आणि सचिव टाळ्या वाजवायला लागले. अर्थखातं टाळ्या वाजवत वाजवतच दाराबाहेर गेलं.

बाकीचा कायदा त्यांनी जसाच्या तसा मंजूर केला. चिन्ह, दंड, सरकारी खरेदी, काहीही कापलं नाही. फक्त आकडा होता तिथे दोन शब्द आले. जगातला प्रत्येक पाव त्या क्षणी कायद्यात बसला, कारण चव नसलेला पाव कुणीच विकत नाही.

परत येताना जिन्यात मी खोकलो नाही.

वहिनी त्यानंतर बरेच खेटे घालत राहिली. प्रत्येक दारात तिला एकच उत्तर मिळालं: "मॅडम, स्वतःची सूचना स्वतःच कशी खोडता?" संघटनेने तिचा सत्कार करायचं ठरवलं. ती गेली नाही. मग माणूस येऊन घरी शाल आणि हृदयाच्या आकाराचा मोठा पाव देऊन गेला. तो पाव दादाने खाल्ला.

तो कायदा घरातही शिरलाच. दादा आता हृदयाचं चिन्ह असलेला पाव राजरोस पिशवीतून आणायचा, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला सांगायचा, की हे आमच्या हिचं काम.

"अहो, त्या चिन्हाला काही अर्थ नाही," वहिनी सांगायची. "त्यात तेवढंच मीठ आहे. कदाचित जास्तच."

"अगं, कायदा आहे! तूच केलास."

"माझा नाही तो."

"नम्र आहे," दादा मला म्हणायचा. "लग्न झालं तेव्हापासून अशीच आहे."

त्याचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी दुकानातून येताना तो बूट हातात घेऊन यायचा आणि म्हणायचा, चपलांचा धंदा करायला हवा होता. मग दोन उशा घेतल्याशिवाय त्याला झोपता येईना. मग दुकानापर्यंतही जाता येईना. त्याने गिऱ्हाइकांची घड्याळं घरी मागवून घेतली, आणि पलंगावर बसल्या बसल्या, दम लागत लागत, ती एकेक करून चालू केली.

एका सकाळी त्याला सरकारी हॉस्पिटलात न्यावं लागलं. हृदयाचा वॉर्ड, दोन्ही बाजूंना पलंगांची रांग. डॉक्टर वहिनीला ओळखीचे होते, त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती 'हो' म्हणाली आणि मग परत एकदा 'हो' म्हणाली, जसं फोनवर आवाज येत नसला की म्हणतात.

दादाच्या नाकात नळी होती. मला बघून त्याने डोळा मारला. "किल्ली संपत आलीय रे," तो म्हणाला, आणि मला नेमका त्याच वेळी एकही विनोद सुचला नाही.

दहाच्या सुमाराला सिस्टर नाश्त्याची गाडी ढकलत आल्या. दादापुढे ताटली ठेवली. भाजलेल्या पावाचे दोन तुकडे, आणि गाडीवरच्या पाकिटावर लाल हृदय.

"सिस्टर, हा देऊ नका," वहिनी म्हणाली.

"का हो? हृदयाचा पाव आहे. या वॉर्डात हाच चालतो. दुसरा दिला तर आम्हाला दंड होतो."

"मला माहीत आहे. तो नियम मी लिहिलाय."

"अगंबाई, तुम्हीच का त्या!" सिस्टर मागे वळून मोठ्याने म्हणाल्या, "अहो ऐकलंत का, या आपल्या पाववाल्या मॅडम!"

पलंगांवरून माना वळल्या. तोंडात घास असलेल्या लोकांनी हात जोडले. एका बाईने उठायचा प्रयत्न केला, तिला परत झोपवावं लागलं. वहिनी मधोमध उभी होती. तिने बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं, आता ती आकडा सांगेल. पण वॉर्डभर कुरकुर कुरकुर पाव चावल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात तिने तोंड परत मिटलं.

"छान लागतोय," दादा म्हणाला. "घरच्यासारखा अळणी नाही." त्याला चावताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. पहिला तुकडा त्याने संपवला. दुसरा उचलायला ताकद पुरेना.

शेजारच्या पलंगावरचे आजोबा म्हणाले, "ताई, भरवा की त्यांना."

सगळे बघत होते. वहिनी पलंगावर टेकली. तिने तो तुकडा हातात घेतला, त्याच्या कडा काढून टाकल्या, मधल्या मऊ भागाचे बारीक बारीक घास केले, आणि माझ्याकडे न बघता त्यातला एक दादाच्या तोंडात घातला.