गाठीतलं नाव

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावर चपलांचा ढीग, खिडक्यांच्या गजांना धरून उभी राहिलेली माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा समोरच्या स्टुलावर. स्टुलावर सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. तिचे केस म्हणजे बारीक, घट्ट वळ्यांचं दाट रान, आणि मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ. सेविकेनं त्या कोरड्या केसांत कंगवा खुपसला आणि वरून खाली हिसका दिला. पोर किंचाळली.

"ऐकलंत?" गाठी सोडवणाऱ्या उकलबाबांनी बोट वर केलं. "ही पोर नाही ओरडली. आतलं ओरडलं!"

हॉल शहारला. बाबांनी बाटली उचलली, त्यातलं 'निवळजल' गाठीवर चोपडलं आणि डोळे मिटून बोलायला सुरुवात केली. "गाठ केसाची नसते, बाळांनो. कुणाच्या तरी मनात अढी बसते, तिची गाठ इथं उमटते. अढी तिकडे, गाठ इकडे! मी केस सोडवत नाही, मी अढी सोडवतो. केस काय, न्हावीसुद्धा कापतो!" लोक हसले. हे असं चांगली दहा मिनिटं चाललं. मग बाबांनी गाठीत बोटं घातली आणि बघता बघता ती सुटली. पोरीनं हूं की चूं केलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? माझ्या शेजारी माझी अकरा वर्षांची भाची बसली होती. रुमालाखाली तिचेही तसेच केस, आणि तशाच चार गाठी.

ती ताईची मुलगी. केस आईचेच घेतलेले. माझे मात्र सरळसोट. तीन महिन्यांपूर्वी ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भाऊजी बस चालवतात, पहाटेच बाहेर पडतात, म्हणून मी त्यांच्याकडे राहायला आले. स्वयंपाक जमला, ताईचं सगळं जमलं, पण पोरीचे केस काही जमेनात. ताई दर रविवारी तासभर न्हाणीघरात तिचे केस विंचरायची, आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. आत काय करतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी आपला कंगवा घ्यायची आणि माथ्यापासून ओढायची. पोर रडायची, मीही रडकुंडीला यायची. शेवटी दोघींनीही नाद सोडला आणि गाठी पडल्या.

भाऊजींना डेपोत कुणीतरी बाबांचं सांगितलं. मी नको म्हणाले, तर ते म्हणाले, "मग तू सोडवून दाखव." मी पोरीला रुमाल बांधला आणि निघाले.

आमचा नंबर आला. बाबांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भुवया आक्रसल्या. "घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय."

भाऊजींच्या तोंडाचा आ झाला.

"उजवा हात गेलाय. बोलणं गेलंय. आणि गाठी कधीपासून, बाळ?"

"आई पडल्यापासून," पोर पुटपुटली.

"मग अजून काय विचारता? स्वतःचं सगळं गेलं, पोरीचं मात्र सगळं शाबूत. बसली अढी! आईचा हात हिच्या डोक्याला लागू देऊ नका."

मी ताडकन उठले. "काहीतरी बोलू नका! माझी बहीण..."

"खाली बसा हो बाई," मागून आवाज आले. "दुसऱ्यांचा नंबर आहे."

मी बसले नाही, पण पुढे बोललेही नाही. पाणी लागलं, गाठी सुटल्या, भाऊजी हात जोडून खाली उतरले.

त्या दिवसापासून पोर आईच्या खोलीत दारापर्यंतच जायची. पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला ठेवायची आणि मागे सरायची. ताईनं डावा हात उचलला की ही भिंतीला चिकटायची. ताईला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती नुसती बघत राहायची. मी पोरीला समजावलं, रागावले, पुस्तकं काढली. ती म्हणायची, "मग गाठ सुटली कशी, ते सांग ना मावशी." आठवडाभरात नव्या गाठी पडल्या. भाऊजींनी नवी बाटली आणली आणि ताईच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

पंधराव्या दिवशी दुपारी पोर शाळेत होती. मी ताईचेच केस विंचरायला बसले. कोरडे, गुंतलेले. कंगवा माथ्याशी लावताच तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"पाणी?" मी पाणी आणलं. तिनं मान हलवली. तेल आणलं. नाही. साबण, नाही. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी मी फळीवरची एकेक बरणी तिच्यापुढे आणून ठेवली. सातव्या बरणीवर तिनं पंजा आपटला. जवस!

उकळायचे, हे तिनं बोटं उकळीसारखी नाचवून सांगितलं. पातेल्यातले जवस गरम असतानाच फडक्यातून गाळले. खाली तार सुटणारा बुळबुळीत रस उतरला. वास ओळखीचा वाटला. मी बाबांची बाटली आणून दोन थेंब बोटांत चोळले. तोच बुळबुळीतपणा, तीच तार, वर जरासं अत्तर. ताईनं तो रस केसांना लावायला लावला, थांबायला लावलं, आणि मग माझं बोट धरून शेंड्यावर नेलं. आधी शेंडा, मग जरा वर, मग आणखी वर. सगळ्यात शेवटी माथा. गाठ सुटली.

मी तिथंच जमिनीवर बसले. रविवारचं न्हाणीघर म्हणजे हे होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला घेऊन हॉलवर गेले. जिन्यात अर्धा तास नुसती उभी राहिले. चपला लावून देणारी सेविका प्रत्येकीशी गोड बोलत होती: "कधीपासून गं त्रास? घरी कोण कोण? कुणी आजारी?" मग हात पुसून आत जात होती. त्या दिवशी भाऊजी चपला काढताना काय काय बोलले असतील, ते मला लख्ख कळलं.

मी सरळ पुढे गेले. रांगेतल्या एका मुलीच्या आईची परवानगी घेतली, घरून आणलेला रस मुलीच्या केसांना लावला आणि दहा मिनिटं, बाबांच्याच थाटात, वर्गातल्यासारखा धडा शिकवला. "घट्ट वळ्यांचे केस एकमेकांत अडकतात. कोरडे ओढले तर गाठ आवळते. रस दहा मिनिटं मुरला की ते निसरडे होतात. सेविकाबाई आधी मुद्दाम वरून ओढतात, बाबा नंतर खालून सोडवतात. आणि तुमच्या घरचं तुम्हीच जिन्यात सांगता!" मग शेंड्यापासून गाठ सोडवून दाखवली.

मागच्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. मला वाटलं, जिंकले.

बाबा हसले. "पाहिलंत? या ताईंच्या हातालाही गुण आला. आमच्या सहवासाचा परिणाम!"

आणि एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "बाई, माझ्या नातीलाही बघ ना. आणि कुणाची अढी आहे, तेवढं सांग."

"आजी, अढी नाही, जवस आहेत! घरी उकळा!"

"हो हो, पण तुझ्या हातचे दे."

माझ्यापुढे रांग लागली होती. मी ओरडत राहिले, रांगेतल्या बायका माना डोलवत राहिल्या. दोघी-तिघींनी मात्र रीत कागदावर उतरवून घेतली आणि बाबांकडे न बघता जिना उतरल्या.

घरी मी भाऊजींना रस आणि बाटली शेजारी ठेवून दाखवली. त्या रात्री ते ताईच्या उशाशी मान खाली घालून बसले. पोरीनं स्वतः जवस उकळून पाहिले, बाबांच्या पाण्याशी ताडून पाहिले. तिला सगळं पटलं, तेव्हा भाऊजींनी बाटली फेकली. मग ती आईच्या खोलीत गेली, पलंगाच्या अगदी जवळ. ताईनं डावा हात उचलला, आणि पोरीची मान झटकन मागे गेली.

"मावशी, ते खोटं आहे, मला माहितीये," ती रडत म्हणाली. "पण मान आपोआप जाते गं."

ताईनं हात चादरीखाली घेतला. अजून तो बहुतेक वेळ तिथंच असतो. रोज आम्ही प्रयत्न करतो. परवा आईचा हात डोक्यावर असताना पोर मनात तीन आकडे मोजेपर्यंत टिकली.

म्हणून हे लिहिलं. कुणी चमत्कार दाखवून तुमच्याच घरातल्या माणसाकडे बोट करत असेल, तर आधी बाटलीत काय आहे ते विचारा. बाटलीत काय आहे हे कळलं नाही तरी चालेल, पण ते बोट मान्य करू नका. आणि विचारायचं ते तिथंच, सगळ्यांदेखत, त्याच दिवशी विचारा. खाली बस म्हणाले तरी विचारा. मला पंधरा दिवस उशीर झाला.